तळव्यावरचं अक्षर

वॉरन पिलार्स्कीनं बाहुल्याचा उजवा बूट ओढून काढला, आणि तळवा उजेडाकडे फिरवला. तळव्यावर जांभळ्या शाईत एक अक्षर होतं. चार सरळ तिरक्या रेघा, एकीला एक जोडलेल्या. पायाची बोटं वर धरली की इंग्रजी डब्ल्यू. त्यानं बोटं वरच धरली होती, दुसऱ्या तऱ्हेनं धरायची त्याच्या हाताला सवयच नव्हती. रविवारची सकाळ, जत्रेच्या मैदानावरचा तो लांबलचक हॉल, जुन्या खेळण्यांनी लादलेली टेबलं. शेजारी कुणीतरी फुटक्या रॉकेटच्या किमतीवरून हुज्जत घालत होतं, कॉफीपुढे रांग लागली होती. वॉरनला ते सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं ऐकू येत होतं. त्यानं बाहुल्याचा डावा हात पाहिला. अंगठ्याचं टोक कुरतडलेलं होतं आणि त्यावर दोन बारीक खळगे होते. दातांचे. ते दात कुणाचे हे सांगणारं या जगात आता दुसरं कुणी नव्हतं. फार तर एक म्हातारी.

बाहुला म्हटलेलं या मंडळींना खपत नाही बरं का. पन्नाशी-साठीची, टक्कल पडलेली, गुडघे धरून चालणारी माणसं, पण ‘फिगर’ म्हणायचं. आठ इंच उंच, अंगात कापडी गणवेश, सांध्यांत रबर ओवलेलं. याला बाहुला नाही म्हणायचं तर काय म्हणायचं! तर हा नेव्हिगेटर इल्को. ‘टॉलिव्हर स्टेशन’ नावाच्या मालिकेतला, हिरव्या गणवेशाचा, मोहिमेवर गेला की हमखास मागे राहणारा आणि शेवटच्या पाच मिनिटांत सापडणारा. मालिका दोनच वर्षं चालली, पण पुढे कितीतरी वर्षं रोज दुपारी चार वाजता पुन्हा दाखवायचे आणि अमेरिकेतल्या टोलीडो शहराच्या उत्तरेकडची सगळी पोरं चारच्या आत घरी पळत सुटायची. चौदा पात्रं बाजारात आली होती. वॉरनकडे चौदाही होती. इल्को मात्र अकरा होते. दरवेळी तेच: बूट काढायचा, तळवा बघायचा, तळवा कोरा निघाला की सुटकेचा श्वास टाकायचा आणि वर तो इल्को विकतही घ्यायचा. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. हा गृहस्थ अठ्ठावन्नाव्या वर्षीसुद्धा पायच बघत फिरत होता.

“काय रे पायवाल्या, सापडले का पाय एकदाचे?” टेबलामागून लव्हर्ननं विचारलं. लव्हर्न सत्तरीची, आवाजानं खणखणीत. मेलेल्या माणसांची घरं रिकामी करून द्यायची आणि त्यातलं विकण्याजोगं विकायचं, हा तिचा धंदा.

“हा कुठून आणलास?”

“पॉइंट प्लेसकडून, नदी तळ्याला मिळते तिथून. म्हातारा गेला एक. हिवाळाभर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसणारा. त्याच्या गळांच्या डब्यात होता हा, वरच्या कप्प्यात, शिशाच्या गोळ्यांशेजारी. मला वाटलं आमिष म्हणून लावत होता की काय.” ती स्वतःच्याच विनोदावर हसली. “तळव्यावर शाई आहे म्हणून बाराला देते. तुला काय, तू काढशीलच ती.”

“नाव काय होतं त्याचं?”

“आता मेल्यामागे नाव घेऊन काय त्याची पूजा घालतोस? पोरंबाळं कुणी नाहीत. घ्यायचा तर घे, नाहीतर बूट घालून ठेव, उघडा नको टाकूस त्याला.”

त्यानं घेतला. गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला. दुसऱ्याच चौकात गाडी टिंग-टिंग करायला लागली: शेजारी बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही. सीटवर वॉरनची पिशवी होती, हातमोजे होते, आणि इल्को. पिशवीचं वजन झालं असेल, त्यानं स्वतःला समजावलं. त्यानं पिशवी उचलून मागे टाकली. टिंग-टिंग चालूच राहिलं. शेवटी त्यानं हात लांब करून रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन अडकवला, तेव्हा गाडी गप्प झाली.

वॉरन एकटा राहत असे. शहराच्या पाणीखात्यात जुने नकाशे सांभाळायचं काम. जमिनीखाली कुठली नळी कुठून गेली आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. नॅडीन नावाची बायको होती, ती सहा वर्षांत कंटाळून गेली. जाताना म्हणाली होती, “तुझ्या घरी पाहुणा आला तर तू आधी त्याचे बूट काढशील, मग नाव विचारशील.” राग नव्हता तिच्या बोलण्यात, कीव होती, आणि तीच त्याला जास्त लागली. घरी आल्यावर त्यानं नव्या फिगरचं जे करायचं ते केलं. गणवेश उतरवला, साबणाच्या कोमट पाण्यात भिजत घातला. अंग मऊ ब्रशनं धुतलं. मग मुरुमांवरचं मलम काढलं. या छंदातली ही अगदी घरगुती युक्ती आहे: शाईच्या डागावर पोरांच्या मुरुमांचं मलम थापायचं, वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि खिडकीत उन्हाला ठेवायचं, तीन-चार दिवसांत मलम शाई पिऊन टाकतं. गेल्या तीस वर्षांत त्यानं कितीतरी अनोळखी पोरांची नावं अशी पुसली होती. किम, रॉय, कुणाचा फोन नंबर, कुणाचं बदाम. आताही त्याची बोटं आपोआप चालली. मलम, प्लास्टिक, खिडकी. सवय, दुसरं काय, तो मनाशी म्हणाला. सवयीच्या नावावर माणूस काय काय खपवतो! सत्तेचाळीस वर्षं ज्या अक्षराच्या भीतीनं तो तळवे तपासत हिंडला, ते सापडल्यावर तासाभरात त्यानं ते पुसायला घेतलं होतं. नजर मात्र त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवली होती.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या नाताळात मानं, म्हणजे आईनं, दोघा भावांना एकेक इल्को आणला होता, भांडणं नकोत म्हणून. तर भांडणं दुप्पट झाली, कारण दोन्ही सारखेच. वॉरन अकराचा, मार्टी आठचा. शेवटी माच्या कपाटातलं, धुण्याच्या कपड्यांवर नावं घालायचं जांभळं पेन चोरून दोघांनी तळव्यांवर आपापलं अक्षर काढलं. वॉरनचा डब्ल्यू, मार्टीचा एम. आणि दुसऱ्याच दिवशी मार्टीनं दादाचा इल्को उलटा धरून दाखवला. “बघ, एम. माझाच आहे.” कारट्याचं डोकं असं चालायचं. डब्ल्यू उलटा केला की एम, एम उलटा केला की डब्ल्यू, आणि तळव्याला वर-खाली असतंच कुठे? मग खूप मारामारी झाल्यावर नियम मार्टीनंच केला: पायाची बोटं वर धरायची आणि मग वाचायचं. त्यानंतर दिवसातून दहादा त्याचं एकच पालुपद असे. “पाय दाखव.” जेवताना, गादीत, चर्चच्या बाकावर. “पाय दाखव, पाय दाखव.” दादाचा हातात आला की त्याचा अंगठा चावायचा, हेही ठरलेलं. समोरचे दोन दात नव्यानं आलेले, शिवशिवत असतील. त्या फेब्रुवारीत नदी अशी गोठली होती की माणसं तिच्यावरून मोटारी नेत. नदीचं नाव मॉमी, आईला हाक मारावी तसं. मार्टीला त्याचं फार हसू येई. “मॉमीच्या अंगावर खेळायला चाललो,” म्हणायचा.

होडीवाल्यांच्या क्लबामागे बर्फावर दोघांनी गोठलेला ग्रह केला होता. चार वाजत आले तसे पळत सुटले. बांधावर चढल्यावर वॉरननं खिशात हात घातला. खिशात इल्को होता. त्यानं बूट काढून पाहिलं: बोटं वर, एम. म्हणजे स्वतःचा खाली राहिला होता. बर्फावर दूर, हिरवा ठिपका उभा होता. दोन दिवस ऊन पडलं होतं, बर्फ दुपारी कण्हल्यासारखा आवाज करायचा, आणि वॉरनला भीती वाटली. एवढंच. बाकी काही नव्हतं त्याच्या मनात, दुष्टपणा नव्हता. मालिका चुकेल आणि बर्फ वाजतोय, एवढंच. तो म्हणाला, “मार्टी, तुझा राहिला खाली. जा, आण.” मार्टी म्हणाला, “पाय दाखव.” आणि वॉरननं पाय दाखवला. बाहुला उलटा धरून, पायाच्या बोटांवर आपला अंगठा दाबून. टाच वर. मार्टीनं पाहिलं, डब्ल्यू वाचला, नाक ओढलं आणि उतरून गेला. आपणच केलेल्या नियमावर त्याचा विश्वास होता.

तिसऱ्या दिवशी तो बर्फाखाली सापडला. पोलीस स्वयंपाकघरात उभा होता तेव्हा मा म्हणाली, “स्वतःचं खेळणं आणायला गेला होता. मोठा नको जाऊ म्हणत होता त्याला.” वॉरन असं काही म्हणाला नव्हता, कुणाशीच काही बोलला नव्हता. मानं आपलं आपणच तसं समजून घेतलं असणार, असं त्याला वाटलं. मग मावश्या आल्या, आत्या आल्या, प्रत्येकीनं त्याच्या केसांतून हात फिरवला. “तू तर नको म्हणाला होतास रे राजा.” तो मान खाली घालून उभा. शवपेटीत मानं मार्टीच्या हातात इल्को ठेवला होता, वॉरनच्या खिशातून घरी आलेला. त्या बाहुल्याच्या पायांत बूट नव्हते. वॉरनला ते दिसलं आणि ते डोक्यातून कधी गेलं नाही. बूट कुठे पडले? बर्फात वणवण करणाऱ्या त्या नेव्हिगेटरला अनवाणी का पाठवलं? एवढं साधं विचारायचं सत्तेचाळीस वर्षांत जमलं नाही. एकदा तोंड उघडलं तर मागून सगळंच बाहेर येईल, ही धास्ती.

मलम लावल्याच्या चौथ्या दिवशी त्यानं प्लास्टिक सोडलं. तळवा स्वच्छ निघाला, नुकत्याच जन्मलेल्या पोराच्या तळव्यासारखा. वॉरनला इतकं हलकं वाटलं की त्यानं शिटी वाजवत अंडी तळली. गणवेश इस्त्री करून घातला, बूट चढवले, आणि बाराव्या इल्कोला कपाटात अकरांच्या रांगेत शेवटी उभा केला. दोन दिवसांनी काच पुसायला गेला तर बाराव्याच्या पायाखाली ओल होती. जुनं प्लास्टिक घाम सोडतं, हे कुणीही संग्राहक सांगेल. चिकट, तेलकट घाम. पण हे चिकट नव्हतं. त्यानं बोट लावून नाकाशी नेलं. कशाचाच वास नव्हता, फक्त गार होतं. त्यानं बूट काढला. तळव्याच्या मधोमध, कातडीखाली नीळ दिसावी तशी एक जांभळट छाया होती. त्यानंतरच्या दिवशी ती रेघ झाली. नंतर चार रेघा.

हेही होतं, नाही असं नाही. शाई आत मुरलेली असते, वरची गेली की आतली वर येते. वॉरननं पुन्हा मलम थापलं. पुन्हा गेली. पुन्हा आली, आणि या खेपेला पहिल्यापेक्षा ठसठशीत आली, कालच काढल्यासारखी. तिसऱ्यांदा त्यानं दुप्पट मलम लावलं आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला, मग लक्षात आलं की पडदा ओढल्यावर ऊन कुठून येणार, आणि तरी त्याला तो उघडवेना. कपाटातली अकरा फिगरं त्याला आता रोज वेगळी दिसू लागली. वाटे, सगळ्यांनी जरा सरकून बाराव्याला जागा दिली आहे. मोजली तर अंतर तेवढंच भरे. कामावरून तो पूर्वी साडेतीनला येई, आता सहापर्यंत नकाशांत मान घालून बसू लागला, कारण चार वाजता घरात असण्याची त्याला भीती वाटू लागली होती. कुणी काही बोलत नव्हतं घरात. नळ गळत नव्हता, लाकूड वाजत नव्हतं. पण चारच्या सुमाराला त्या शांततेत एक वाट बघणं असायचं, कुणीतरी विचारून ठेवलं आहे आणि उत्तर येईतो गप्प उभं आहे, असं. काय विचारलं आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. एकदा तो मोठ्यानं म्हणाला, “दाखवतो रे.” 

फेकून द्यायचा, हा विचार आला नाही असं नाही. एका सकाळी तो बाहुला खिशात घालून नदीवर गेला होता. यंदा बर्फ धरलाच नव्हता, राखाडी पाणी नुसतं वाहत होतं. कठड्याशी उभा राहून त्यानं खिशात हात घातला, तर अंगठा आपसूक पायाच्या बोटांवर जाऊन बसला. तसाच. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी बसला होता तसाच. त्यानं हात बाहेर काढला, रिकामा. तिथेच त्याला कळलं की हे मलमानं जाणार नाही आणि पाण्यानंही जाणार नाही. मार्टीला दाखवता येत नाही, तर ज्या एका माणसाला दाखवता येईल ते माणूस चौऱ्याऐंशीचं आहे आणि दर आठवड्याला थोडं थोडं कमी होतं आहे. आपण सांगितलं तर मा त्या धक्क्यानं जाईल, असं तो आजवर स्वतःला सांगत आला होता. खरं म्हणजे ती त्याच्याकडे कशी बघेल, याची त्याला भीती होती.

ईस्टरआधीचे मोठे उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशीचा मंगळवार होता. त्या दिवशी टोलीडोतलं प्रत्येक पोलिश घर पूनच्की खातं, तळलेल्या, गोल, आत आलुबुखारचा मुरंबा भरलेल्या. उद्यापासून चाळीस दिवस संयम पाळायचा म्हणून आज पोट फुटेतो. वॉरन सहा पूनच्की घेऊन दुपारी आईला भेटायला गेला. वृद्धाश्रमाच्या खोलीत ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर शाल. त्यानं स्टूल ओढलं आणि तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला.

“लॅग्रेंज रस्त्यावरच्या आहेत का?” तिनं पुडक्याकडे बघत विचारलं.

“हो, मा.”

“मग ठीक. मागच्या वर्षी सुपरमार्केटातल्या आणल्या होत्यास. रबर होतं नुसतं. तोंड का असं झालंय तुझं? पुन्हा बायको सोडून गेली का?”

“एकदाच होती ती, मा.”

“तेच म्हणते.”

त्याला हसू यायला हवं होतं. त्यानं खिशातून इल्को काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.  मग तिनं चष्मा वर सारला आणि सराईतासारखा उजवा बूट काढला. कुठला पाय, हे त्यानं सांगितलं नव्हतं. तिनं तळवा समोर धरला. बोटं वर. खूप वेळ वाचत असल्यासारखी बघत राहिली. आणि मग, उशी सरळ करावी इतक्या सहज, तिनं बाहुला हातातल्या हातात उलटा फिरवला. टाच वर.

“मार्टीचा आहे,” ती म्हणाली. “हा बघ, एम.”

 “मा,” तो म्हणाला, “बोटं वर धरायची असतात.”

“मला नको शिकवूस. त्या रात्री घरी आलेल्या इल्कोचे बूट मीच काढले होते. तू झोपला होतास, तो उशीखाली घेऊन.”

खोलीबाहेरून कुणाची तरी चाकाची खुर्ची गेली. 

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“पाय बघितल्यावर कुणालाही कळलं असतं. मार्टीचा घरी होता, म्हणजे तो तुझा आणायला गेला होता. बूट परत चढवेनात मला, हात चालत नव्हते. तसाच दिला त्याच्याबरोबर.”

“मी त्याला नको जाऊ म्हणालो नव्हतो, मा. मी त्याला जा म्हणालो. मी फसवलं त्याला.”

“पोलिसाला कुणी सांगितलं मग, नको म्हणत होता म्हणून? मीच ना? तू तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतंस.”

“एवढी वर्षं बोलली का नाहीस?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ज्या बघण्याला तो आयुष्यभर भ्यायला होता ते हेच होतं, आणि ते त्याच्या ओळखीचंच होतं. त्या स्वयंपाकघरापासून ती त्याच्याकडे असंच बघत आली होती.

“एक गेला होता,” ती म्हणाली. “अकरा वर्षांचं पोर होतास. खरं बोलले असते तर तूही गेला असतास त्याच्या मागनं, आज नाही तर वीस वर्षांनी. मला एक तरी हवा होता रे. आणि तुझ्यावर राग नव्हता असं नको समजूस. होता. पुष्कळ होता. भांडी घासताना काढायची मी.”

वॉरन रडायला लागला, तोंड वाकडं करून, थोराड माणसं रडतात तसा. तिनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, “याचे पाय ओले का आहेत? भिजवलंस की काय कुठे?”

“नाही,” तो म्हणाला. “तो येतो तसाच.”

तिनं तळवा आपल्या तळहातात धरून चोळला, थंडीतून आलेल्या पोराचे पाय चोळतात तसा, बराच वेळ. मग बूट मागितला आणि दोघांनी मिळून तो चढवला. तिनं पाय धरला, त्यानं ओढलं. बाहुला खिडकीत उभा राहिला. तेव्हा वॉरनचं लक्ष तिच्या तळहाताकडे गेलं. सुरकुत्यांच्या मधोमध जांभळी शाई उमटली होती, ओली, ठसठशीत. समोर बसलेल्या त्याला ती डब्ल्यू दिसत होती. तिनंही खाली पाहिलं. तिच्या बाजूनं तिला काय दिसत असेल ते त्याला दिसलं.

“पुसू का, मा?” त्यानं विचारलं. खिशात रुमाल होता.

तिनं मूठ मिटली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते.

“नको,” ती म्हणाली. “पुडकं उघड. तीन तुला, तीन मला. आणि बघून दे, मोठी मला नको देऊस.”